सहाव्या मजल्यावरची आग आणि दोन जिने : एका रात्रीच्या कॉलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शहर, बिल्डिंग, माणसं, कुणाचंच नाव इथे देत नाही. दोन-चार तपशील मुद्दाम बदललेत, पण घटनांचा क्रम आणि चुका जशाच्या तशा ठेवल्यात. त्या रात्री घटनास्थळाचा इनचार्ज मीच होतो, त्यामुळे पुढे जिथे जिथे 'हे चुकलं' असं येईल तिथे बहुतेक वेळा ते माझ्याच नावावर मांडा.

बिल्डिंग १४ मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर ४ फ्लॅट. जिने दोन. एक लिफ्टला लागून, तोच सगळे वापरतात. दुसरा मागच्या बाजूला, तिथे पोरं लपाछपी खेळतात आणि मोठी माणसं जुने टेबल, सायकली आणून टाकतात. दोन्ही जिन्यांना प्रत्येक मजल्यावर फायर डोअर, आपोआप मिटणारं. आपोआप मिटणारं म्हणजे कागदावर, कारण पुढच्या जिन्याच्या निम्म्या दारांचे क्लोजर निघालेले होते आणि उरलेल्यांतल्या काहींना कुणीतरी वीट लावून ठेवलेली, येता-जाता दार ढकलायचा कंटाळा म्हणून.

आता आमची बाजू. रात्रपाळीला स्टेशनवर दोन गाड्या आणि दोन गाड्यांची माणसं असायला पाहिजेत. त्या रात्री दुसरी गाडी रस्त्यावर ऑइल सांडून झालेल्या अपघाताला गेलेली. लोकांना वाटतं फायर ब्रिगेड म्हणजे फक्त आग, पण आमची वही उघडून बघा, अपघात, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, पडलेली झाडं, तुंबलेलं पाणी, खोटे अलार्म, यातच पानंच्या पानं भरतात, आणि मोठी वर्दी, म्हणजे आगीची खबर, नेमकी तेव्हाच येते जेव्हा अर्धी माणसं दुसरीकडे असतात. तर माझ्याकडे होती एक गाडी, टाकीत ४,५०० लिटर पाणी, आणि माणसं सहा : मी, ड्रायव्हर, लीडिंग फायरमन आणि तीन फायरमन. त्यातला एक नवीन, ट्रेनिंग संपवून जेमतेम चार महिने झालेले.

काय झालं

रात्री १:५२ ला वर्दी आली. पहिला फोन करणारा म्हणाला सहाव्या मजल्यावर स्फोट झालाय. आम्ही गाडीत बसेपर्यंत कंट्रोल रूमला अजून आठ-दहा फोन, कुणी म्हणतंय गॅस, कुणी शॉर्टसर्किट, एक जण म्हणाला सातवा मजला.

नंतर कळलं ते असं. इलेक्ट्रिक स्कूटरची काढता येणारी बॅटरी रात्री घरात आणून हॉलमध्ये चार्जिंगला लावलेली, सोफ्याच्या बाजूला. घरातला मुलगा जागा होता. आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग पांढरा धूर, मग फटाक्यांसारखे एकामागून एक आवाज. लिथियम-आयन बॅटरीचं हे असंच असतं, एक सेल बिघडून तापला की शेजारचा सेल तापवतो, तो त्याच्या शेजारचा. आणि तो पांढरा धूर म्हणजे नुसता धूर नसतो, त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन फ्लोराइड असे जळणारे आणि विषारी वायू असतात, ते खोलीत साठून एकदम पेटले तर खिडक्या उडतात. इथे तेच झालं. सुदैवाने तोपर्यंत घरातले चौघंही बाहेर पळाले होते. पळताना फ्लॅटचं दार उघडं राहिलं. साहजिक आहे, मागे आग असताना दार लावायचं कुणाला सुचतं, पण त्या एका उघड्या दाराने पुढचा सगळा खेळ ठरवला.

आम्ही १:५९ ला गेटवर. सहाव्या मजल्याच्या खिडकीतून ज्वाळा, आणि पुढच्या जिन्याच्या खिडक्यांतून अजून काही नाही. हे 'अजून काही नाही' लक्षात ठेवा.

अडचण

पाण्यापासून सुरुवात करू. एवढ्या उंच बिल्डिंगला स्वतःचा रायझर असतो, उभा पाइप, प्रत्येक मजल्यावर त्याला व्हॉल्व्ह. आपण फक्त होज, म्हणजे पाणी मारायचा लवचीक पाइप, घेऊन वर जायचं आणि जोडायचं. लीडिंग फायरमनने चौथ्या मजल्यावर व्हॉल्व्ह उघडून बघितला आणि वॉकीटॉकीवर म्हणाला, "साहेब, नुसती हवा येतेय." पंप मॅन्युअलवर टाकलेला, पंप रूमला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी बाहेरगावी. वॉचमन बिचारा घामाघूम होऊन किल्ल्यांचा जुडगाच्या जुडगा लावून बघत होता.

म्हणून रायझरच्या खालच्या इनलेटला, म्हणजे बाहेरून पाणी भरायच्या तोंडाला, आमच्या गाडीचा पंप जोडून रायझर भरायला घेतला. प्रेशर चढेना. सहावा मजला म्हणजे १८ मीटरच्या आसपास, दर १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर जातं, म्हणजे नुसतं वर चढायलाच पावणेदोन-दोन बार, हे काही आमच्या पंपाला जड नाही. तरी काटा हलेना. तिसऱ्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हचं चाकच गायब होतं आणि तो अर्धा उघडा, त्यामुळे आम्ही भरत होतो ते सगळं पाणी तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये. गाडीत ४,५०० लिटर. मिनिटाला ४०० लिटरने मारलं तर ११ मिनिटं पुरतं, त्यातले दोन मिनिटांचं पाणी असं वाया गेलं.

दुसरीकडे कंट्रोल रूममध्ये वरच्या मजल्यांवरचे फोन. आठव्यावरचे, अकराव्यावरचे, तेराव्यावरचे. सगळ्यांचा प्रश्न एकच, खाली येऊ का?

आणि शिडीची गाडी बोलवली तर ती उभी करायला जागा नाही. तिचे जॅक, म्हणजे आधाराचे पाय, पसरायला दोन्ही बाजूंना मोकळी आणि कडक जमीन लागते, तिथे ओळीने कार. हे दरवेळचंच आहे, यावर वेगळं लिहावं लागेल, आत्ता सोडून देतो.

काय पर्याय होते

पाण्यासाठी तीन. एक, तिसऱ्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह कसाही बंद करायचा, पान्याने फिरवून, आणि रायझर वापरायचा. दोन, गाडीपासून सहाव्यापर्यंत जिन्याने होज ओढत न्यायचा. तीन, पाचव्या मजल्याच्या लँडिंगच्या खिडकीतून दोर सोडून होज बाहेरून वर खेचायचा. तिसरा पर्याय ऐकायला सर्कशीसारखा वाटतो पण ड्रिलमध्ये तो दुसऱ्यापेक्षा लवकर होतो, कारण जिन्याच्या प्रत्येक वळणावर होज अडकतो. शिवाय ६३ मिलिमीटरचा १५ मीटरचा एक होज भरला की आतल्या पाण्याचंच वजन ४५ किलोच्या वर जातं, आणि फायरमनच्या अंगावर बीए सेट (धुरात श्वास घ्यायला हवेचा सिलिंडर आणि मास्क), कपडे, बूट, हेल्मेट मिळून २५ किलोच्या आसपास आधीच असतात.

जिन्यासाठी दोन पर्याय होते, पुढचा किंवा मागचा. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी याला 'निर्णय' समजलोच नाही. पुढचा जिना समोर होता, रुंद होता, मोकळा होता, आमची पोरं तिथूनच वर गेली होती. मागच्या जिन्यात सामान आहे असं वॉचमनने सांगितलं, विषय संपला. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय हाच, आणि तो मी न घेताच झाला.

राहिला लोकांना काय सांगायचं हा प्रश्न. घरातच थांबा, की खाली या? याला सरधोपट उत्तर नाही. काँक्रीटची बिल्डिंग, आग एका फ्लॅटपुरती, दारं नीट मिटतायत, तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला स्वतःच्या घरात दार बंद करून बसणं धुराच्या जिन्यात उतरण्यापेक्षा सुरक्षित. पण हा सल्ला कधी मोडायचा हेही कळलं पाहिजे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला रात्री १२:५४ ला पहिला फोन आला, 'घरात थांबा' हा सल्ला बदलला २:४७ ला, आणि नंतरच्या चौकशीत निघालं की तो १:३० ते १:५० च्या दरम्यानच बदलायला हवा होता. ७२ माणसं गेली. तिथे आग बाहेरच्या क्लॅडिंगवरून, म्हणजे भिंतीवर लावलेल्या आवरणावरून, चढत होती, म्हणजे 'आग एका फ्लॅटपुरती' हे गृहीतकच संपलेलं होतं. याच्या उलट न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्सला ९ जानेवारी २०२२ ला १९ मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये आग खालच्याच मजल्यांवर राहिली, पण फ्लॅटचं दार मिटलं नाही, वर जिन्याचं एक दार उघडं राहिलं, आणि १७ जण धुराने गेले. आमची परिस्थिती दुसऱ्या प्रकारातली होती. आग कुठे पसरत नव्हती, धूर पसरणार होता.

काय केलं

व्हॉल्व्हला ड्रायव्हरचा एक पाना आणि एक माणूस दिला, आणि तो होईल न होईल म्हणून दोघांना दोर घेऊन पाचव्या मजल्यावर पाठवलं. दोराचा होज आधी पोचला. २:१० ला पाचव्याच्या लँडिंगवर पाणी होतं. नियमाप्रमाणे होज खालच्याच मजल्यावर भरून घेतला आणि मग दोघं, लीडिंग फायरमन आणि नवा मुलगा, सहाव्याच्या जिन्याच्या दाराशी.

इथे जरा थांबून नीट सांगतो, कारण रिपोर्टमध्ये हे एका ओळीत येतं, 'क्रू आत गेला'. दाराला हाताची मागची बाजू लावून बघितलं, गरम. दार उघडलं. भरलेला होज दारातून आत जातो. होज दारात आहे म्हणजे दार मिटत नाही. एवढंच. माणसाच्या मांडीएवढीही जागा नाही ती, पण पलीकडे पेटलेला फ्लॅट, त्याचं दार सताड उघडं, फुटलेल्या खिडकीतून वारा आत, आणि अलीकडे वरपर्यंत मोकळा उभा जिना. जिना म्हणजे चिमणीच. धूर त्या फटीतून असा गेला की नव्या मुलाने नंतर सांगितलं, "साहेब, मला वाटलं कुणीतरी आतून ओढतंय."

आत गेल्यावर त्यांनी काम चोख केलं हे सांगायला हवं. लगेच आगीवर तुटून न पडता आधी छताजवळच्या धुरावर छोटे छोटे फवारे. पाणी जपून मारायचं कारण १ लिटरची वाफ १,७०० लिटरच्या आसपास होते, बंद खोलीत घाईने धो धो मारलं तर ती वाफ मारणाऱ्यालाच भाजते. धूर थंड करत करत पुढे, मग सोफा, पडदे, मग बॅटरी. सोफा आणि पडदे विझतात. बॅटरी विझल्यासारखी दाखवते. हा फरक पुढे येईलच.

दरम्यान २:१४ ला कंट्रोल रूममध्ये अकराव्या मजल्यावरून तिसऱ्यांदा फोन. एक बाई, तिचा आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पॅसेजमध्ये धुराचा वास यायला लागलाय म्हणाल्या. ऑपरेटरने तिच्याकडच्या छापील सूचनेप्रमाणे सांगितलं, "ताई, लिफ्ट वापरू नका, जिन्याने सावकाश खाली या." सूचना चूक नव्हती. कुठला जिना हे तिला माहीतच नव्हतं. ते तिला सांगणं माझं काम होतं. त्या तिघांनी पुढचा जिना धरला, रोजचा तोच ना.

दुसरी गाडी २:१६ ला आली आणि इथे आमचं नशीब. मी त्यांना शोधकार्याला पुढच्या जिन्याने वर पाठवलं, बीए लावून. सातव्याच्या पुढे त्यांना काही दिसेना. नवव्याच्या लँडिंगवर पायाला काहीतरी लागलं. सासूबाई होत्या, बेशुद्ध. सून त्यांच्या अंगावर वाकलेली, तोंडाला ओढणी, मुलगा तिच्या पाठीला घट्ट चिकटलेला आणि त्याच्या हातात मोबाइल, टॉर्च चालू. क्रूतल्या एकाने सांगितलं की तो उजेड त्यांना दिसलाच नव्हता, दोन हातांवर येईपर्यंत.

धुरातून खाली आणायचं की नाही? त्या गाडीच्या इनचार्जने जे केलं ते मला सुचलं असतं का माहीत नाही. त्याने खाली आणलंच नाही. नवव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये घुसून समोरचं पहिलं दार धडाधड वाजवलं, त्या घरातल्यांनी उघडलं, सगळ्यांना आत घेऊन दार लावलं, खिडकी उघडली. हवा. मग एक माणूस मागच्या जिन्याची अवस्था बघून आला. सायकली होत्या, एक मोडकं कपाट होतं, पण धूर नव्हता. थेंबभरही नाही. सासूबाईंना मागच्या जिन्याने खाली आणलं, २:३३ ला अँब्युलन्समध्ये.

तेव्हा कुठे मी वॉकीटॉकीवर ते वाक्य बोललो जे २:०० ला बोलायला हवं होतं : पुढचा जिना आगीचा, मागचा जिना माणसांचा. कंट्रोल रूमला सांगितलं की आता सातव्याच्या वर कुणालाही बाहेर काढू नका, घरात बसा, दाराच्या फटीला ओला टॉवेल, खिडकीत उभे राहून हात दाखवा. कुठल्या फ्लॅटमध्ये किती माणसं याची यादी करायला घेतली, गाडीच्या दारावर खडूने. वरच्या मजल्यांवर अजून १९ जण होते. एकेका फ्लॅटला जाऊन मागच्या जिन्याने आणलं. शेवटचा माणूस ३:२० ला खाली.

निकाल

आग २:३१ ला आटोक्यात. एक फ्लॅट पूर्ण जळाला, पॅसेज काळा, वरच्या काही फ्लॅटमध्ये धूर, आणि तिसऱ्या मजल्यावर घोट्यापर्यंत पाणी, ज्याबद्दल तिथल्या काकांनी मला पहाटे चार वाजता जे सुनावलं ते त्यांच्या जागी बरोबरच होतं. पाच जण हॉस्पिटलमध्ये. सासूबाई नऊ दिवस होत्या, घरी आल्या. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, त्यामुळे अजून पाच मिनिटं गेली असती तर हे वाक्य मी वेगळं लिहिलं असतं.

आणि बॅटरी. विझली समजून पोरांनी ती फावड्याने उचलून बाल्कनीत ठेवली. मी स्टॉप मेसेज दिला, म्हणजे आता आणखी मदत नको, एक गाडी कूलिंगसाठी ठेवली. ४:४० ला बाल्कनीतून परत फटफट आवाज आणि एक वीतभर ज्वाळा. आत थोडे सेल शाबूत राहिले, की तासांनी, कधी दिवसांनीही ती परत पेट घेते हे आम्हाला शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही असेल. यावेळी खाली आणून मोकळ्या जागेत पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये बुडवली. दुपारपर्यंत त्यातून बुडबुडे येत होते.

पुन्हा तोच कॉल आला तर

डीब्रीफिंगला सगळे बसलो होतो, कंट्रोल रूमची ऑपरेटरही होती. मी 'समन्वयाचा अभाव' असं काहीतरी गुळमुळीत बोलायला लागलो तर ती म्हणाली, "साहेब, मला तुम्ही जिना कुठला ते सांगितलंच नव्हतं." खोलीत कुणी काही बोललं नाही. तिच्याकडे तिन्ही फोनची नोंद होती, वेळेसकट, आणि माझ्याकडून आलेल्या मेसेजची पण होती : 'पोचलो', 'सहावा मजला', 'पाणी नाही', 'दुसरी गाडी कुठे'. पंधरा मिनिटं मी फक्त पाण्याबद्दल बोलत होतो.

हे असं का होतं याचा मी बराच विचार केला. पाण्याची अडचण दिसते, ऐकू येते, तिला पाना लावता येतो. जिना मोकळा दिसतो तोपर्यंत तो अडचण वाटतच नाही, आणि तो मोकळा होता कारण आम्ही अजून दार उघडलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा जिना स्वच्छ होता. त्यात धूर आम्ही सोडला, होज आत नेऊन. आग विझवायची तर दार उघडावंच लागणार, त्याला इलाज नाही, पण ज्या जिन्यातून होज जाणार तो जिना त्या क्षणापासून माणसांसाठी गेला असं धरून चालायचं आणि दार उघडायच्या आधी तो वरपर्यंत रिकामा आहे का हे बघायचं. माझ्याकडे त्याला माणूस नव्हता हे खरं. पण व्हॉल्व्हला पाना घेऊन उभा केलेला माणूस होता. दोर लागू झाल्यावर त्याला मी तिथून उचलून वर पाठवायला हवं होतं, तो २:२० पर्यंत तिथेच चाक नसलेल्या व्हॉल्व्हशी झटत बसला.

यावर एका सीनियरचं मत वेगळं पडलं, तेही लिहितो. ते म्हणाले सहा माणसांत तू एकाला बीए सेटशिवाय किंवा एकट्याला वर पाठवलं असतंस तर कदाचित आज आपण त्याच्याबद्दल बोलत असतो. बरोबर आहे. त्यांच्या मते पहिल्या क्रूला आत न पाठवता दुसऱ्या गाडीची सहा मिनिटं वाट बघायला हवी होती, फ्लॅटमध्ये माणूस नव्हता हे घरच्यांनी खाली सांगितलेलंच होतं. मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, कारण त्या सहा मिनिटांत आग खिडकीतून सातव्यात शिरली असती अशी मला भीती होती. पण तो पर्याय माझ्या डोक्यात त्यावेळी आलाच नाही हे मात्र कबूल.

बदल काय झाले ते थोडक्यात. आता आमच्या स्टेशनचा इनचार्ज पोचल्यावरच्या पहिल्याच मेसेजमध्ये आगीचा जिना आणि माणसांचा जिना बोलतो, आणि ऑपरेटरला तो ऐकू आला नाही तर ती विचारते, इनचार्ज कितीही घाईत असला तरी. छापील सूचनेतली 'जिन्याने खाली या' ही ओळ काढली, त्याजागी 'पॅसेजमध्ये धूर आहे का' हा प्रश्न आला. दाराच्या चौकटीत अडकवायचे धूर अडवणारे दोन पडदे मागितलेत, एक आलाय. गाडीवर झाकणाचा ड्रम असतो.

पंप रूमच्या किल्लीचं मात्र अजून चालूच आहे. फाइल काढली तेव्हा त्या बिल्डिंगचा तपासणी रिपोर्ट सापडला, चार महिन्यांपूर्वीचा, आमच्याच स्टेशनचा. पंपासमोर 'चालू' अशी टिक होती, लँडिंग व्हॉल्व्हसमोर पण. तपासणीला गेलेला माणूस तळमजल्यावर पंप बघून, एक व्हॉल्व्ह उघडून परत आला होता, एका दिवसात सात बिल्डिंगा होत्या त्याच्याकडे. त्याला बोलावून विचारलं तर त्याने एवढंच सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर तो चढलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर तपासणीला गेलो, सगळे मजले चढून. दिवसभरात दोनच बिल्डिंगा झाल्या.